खिळा नसलेलं जहाज

पाचवीत असताना मराठीच्या तासाला एक वाक्य वाचलं होतं : ‘जहाजाने बंदरात नांगर टाकला.’ आमच्या वर्गात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, नांगर मात्र सगळ्यांच्या घरी होता. माझ्या तर अंगणातच तो घडायचा. माझे वडील, म्हणजे अण्णा, सुतार. बाभळीचं खोड अंगणात येऊन पडायचं आणि चार दिवसांत त्यातून हाळीस, रुमणं, जू असं एकेक उभं राहायचं. एवढा अवजड ऐवज जहाजातून नेऊन पाण्यात कशाला टाकतात, ते मला कळेना. घरी येऊन अण्णांना विचारलं. वाकसाचा हात न थांबवता ते म्हणाले, “रुततोय न्हवं जमिनीत? मग नांगरच की त्यो.”

अण्णांनीही तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता.

मला एका जहाजाविषयी लिहायचं आहे. लाकडी, शिडाचं, माल वाहणारं जहाज. गेली दीड हजार वर्षं ते आमच्या मराठवाड्यात आहे. सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात, उजव्या भिंतीवर.

मराठवाडा आणि समुद्र हे दोन शब्द एका वाक्यात आले की लोकांना नवल वाटतं. पाण्याच्या टँकरची वाट बघणारा हा मुलूख. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि त्या एवढ्या मोठ्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. तरीही आमच्या बोलण्यात समुद्र मुरलेला आहे. पैठणच्या नाथांपासून तेरच्या गोरोबाकाकांपर्यंत साऱ्या संतांची माणसं भवसागर तरून पैलतीराला जायला निघालेली. आणि हट्टी माणसाविषयी माझी आजी म्हणायची, “सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई.” सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याचा दोर. तेरणेकाठी नारळाचं झाड शोधावं लागतं. आमचे दोर अंबाडीचे. तरी म्हण सुंभाची. माल कुठून कुठं जात होता ते बाजार विसरला तरी भाषा विसरत नाही, असं मला ती म्हण ऐकली की वाटतं.

अण्णांना घेऊन अजिंठ्याला गेलो ते मी नोकरीला लागल्यावर, एका दिवाळीच्या सुट्टीत. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गर्दी होती. अण्णा तिथं हात जोडून क्षणभर थांबले आणि पुढं निघाले. दुसऱ्या लेण्यात मात्र ते भिंतीजवळ जाऊन थबकले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. रंग ठिकठिकाणी उडालेला, पण जहाज ओळखू येत होतं. पुढून-मागून उंच उचललेला सांगाडा. तीन डोलकाठ्या आणि त्यांवर अरुंद, उंच शिडं. पुढच्या टोकाला, कोकणात ज्याला नाळ म्हणतात तिथं, वाऱ्यानं फुगलेलं आणखी एक शीड. मागं सुकाणूचं काम करणारी लांब वल्ही. आणि आडोशाखाली ओळीनं मांडलेले रांजण.

“हे गाडीवानाचं काम हाय,” अण्णा म्हणाले. म्हणजे काय, तर माल कसा लावलाय ते बघ. जड वस्तू मधे, तोंडं वर, हलायला जागा नाही. गाडी भरताना साट्यात पोती अशीच लावतात. मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. बाहेर आल्यावर, वाघूर नदीच्या वळणाकडे बघत, त्यांनी एकच विचारलं : “फळ्या कशानं जोडल्या आसतील रं?”

चित्रात सांधा दिसत नाही. तो प्रश्न मी बरोबर घेऊन आलो आणि पुढची वीस-बावीस वर्षं जे मिळेल ते वाचत राहिलो.

आधी त्या चित्रातली गोष्ट. ती आपल्या कोकणातल्या सोपाऱ्याची आहे, आजचं नालासोपारा. पूर्ण नावाचा व्यापारी. सहा वेळा समुद्रावर जाऊन सुखरूप परतलेला. सातव्या सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्यानं बुद्धाची वचनं ऐकली आणि घरदार सोडून भिक्खू झाला. मागं राहिलेला त्याचा भाऊ भविल चंदनाच्या शोधात जहाज घेऊन गेला. ज्या चंदनवनात कुऱ्हाडी चालल्या ते एका यक्षाचं होतं. यक्ष खवळला, समुद्रावर वादळ उठवलं. जहाज बुडणार, तेव्हा भविलानं पूर्णाचा धावा केला आणि पूर्ण आपल्या सिद्धीच्या बळावर तिथं प्रकटला. वादळ शमलं. सुटलेल्या जहाजातल्या चंदनाचा पुढं सोपाऱ्यात बुद्धासाठी प्रासाद बांधला, अशी कथा. सोपाऱ्याला खरोखर स्तूप होता. भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली तो खणून काढला.

गोष्ट श्रद्धेची आहे, पण रंगवणाऱ्याला जहाजाची माहिती होती. वादळ दाखवायचं तर ढग आणि लाटा रंगवून भागलं असतं. त्यानं शिडं किती, वल्ही कुठं, रांजण कुठं, हे सगळं नीट मांडलं. तो स्वतः किनाऱ्यावर राहून आलेला असावा, किंवा शेजारी बसून “असं नव्हे, असं” म्हणणारा कुणी खलाशी त्याला भेटला असावा, असं मला मनापासून वाटतं. अजिंठा डोंगरात दडलेला असला तरी आडवाटेला नव्हता. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणारी व्यापाराची वाट याच डोंगररांगेतून खाली खानदेशात उतरायची.

त्या वाटेवरच्या मालाची यादी आपल्याकडे आहे, आणि ती एका परक्या माणसानं लिहून ठेवली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या आणि अरबी समुद्रातल्या बंदरांची माहिती लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. लिहिणाऱ्याचं नाव टिकलं नाही. त्यात बारीगाझा, म्हणजे भडोच, हे मोठं बंदर. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर. तगर म्हणजे आमचं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड मोठ्या प्रमाणात येतात, तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं येतात, आणि हा सगळा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेतात, असं त्यानं लिहिलं आहे.

गाड्यांवर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो. दहा आणि वीस, तीस दिवसांची वाट. तीस दिवस बैलांचं वैरणपाणी, तीस दिवस वंगण, वाटेत मोडलेला आरा बदलणारा कुणीतरी सुतार. जहाजाचा इतिहास लिहिताना लोक बंदरापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो आमच्या पांढरीवर सुरू होतो. तेरला जुन्या वस्तीची जी पांढरी माती आहे, तिच्यावरून पावसाळ्यात पाणी वाहून गेलं की मणी उघडे पडतात. लहानपणी आम्ही ते वेचायचो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वरवर सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्यातून तेरचं संग्रहालय उभं राहिलं. तिथं एक हस्तिदंती बाहुली आहे, वीतभराहूनही लहान. इटलीत ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्या जातकुळीतली. पाँपेई इ.स. 79 मध्ये गाडलं गेलं. म्हणजे त्याच्या आधी केव्हातरी तसली मूर्ती जहाजात चढली होती.

पैठणच्या व्यापाऱ्यांची नावंही टिकली आहेत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यात पैठणचा मितदेव आहे. घराणं गांधिकाचं, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारं. सुगंधी द्रव्यं गाडीवरूनही जायची आणि जहाजावरूनही. मितदेवानं डोंगरात एक खांब दिला आणि तो आजही उभा आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर, यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दोन डोलकाठ्यांचं जहाज आलं. पैठण ज्यांची राजधानी, त्या घराण्यानं नाण्यावर हत्ती घडवला तसंच जहाजही घडवलं.

गाड्या भडोचला पोचल्या की पुढचं काम पाण्याचं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी भयंकर. ओहोटीला पाणी इतकं मागं सरतं की जहाज चिखलात बसतं आणि भरती आली की उलथतं. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठाल्या होड्या घेऊन समोर यायचे आणि परदेशी जहाजं ओढत, भरतीच्या हिशेबानं थांबत-थांबत, नर्मदेच्या मुखातून आत न्यायचे. ही माहितीही त्याच अनामिक व्यापाऱ्याची. इजिप्तची जहाजं जुलैच्या सुमाराला निघून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडं यायची आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत फिरायची. आमच्याकडे ज्या वाऱ्याची वाट शेतकरी बघतो, त्याच वाऱ्याची वाट खलाशी बघत होता. एकाला त्यातलं पाणी हवं होतं, दुसऱ्याला जोर.

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. फळ्या शिवलेल्या असत.

अरबी समुद्रात पोर्तुगीज येण्याआधी इथली बहुतेक जहाजं लोखंडी खिळ्यांशिवाय बांधत. फळीच्या काठाशी ठरावीक अंतरावर भोकं पाडायची. शेजारच्या फळीला त्यांच्यासमोर तशीच भोकं. सांध्यावर आतून नारळाच्या काथ्याची लांब वात ठेवायची आणि सुंभानं दोन्ही फळ्या तिच्यावरून घट्ट आवळत शिवत जायचं. भोकात काथ्या ठासून भरायचा. वरून राळ आणि तेलाचा लेप. आतल्या फासळ्या कवच शिवून झाल्यावर बसवायच्या, त्याही बांधूनच. या पद्धतीला टंकाई म्हणतात. त्या पेरिप्लसमध्ये ओमाना नावाच्या बंदरातल्या शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. आणि भडोचहून तिकडं काय जायचं? तांबं, चंदन, सागाची लाकडं, शिसवीचे ओंडके.

मी अण्णांना फोन करून हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “मंग तर पाण्यातच ते घट्ट व्हतंय.” त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि चाकावरची लोखंडी धाव ढिली पडते. मग गावातले लोक चाकं काढून तेरणेच्या डोहात बुडवून ठेवायचे. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धावेला आतून दाबून धरतं. नवी धाव चढवतानाही हेच. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद करायची, चाकावर बसवायची आणि वर घागरी ओतायच्या. लोखंड आवळतं, आरे तुंब्यात घट्ट रुततात. खिळा लागत नाही. सगळं ताणावर उभं असतं. शिवलेलं जहाजही तसंच. किनाऱ्याच्या वाळूत आदळलं तर खिळ्यांचं जहाज खिळ्यापाशी चिरतं. शिवलेलं थोडं लवतं. टाके झिजले तर उसवून पुन्हा शिवता येतात, फळी तीच. मध्ययुगातले प्रवासी सांगायचे की समुद्रात चुंबकाचे डोंगर आहेत, ते खिळे खेचून घेतात, म्हणून ही जहाजं शिवतात. मला वाटतं सुतारांना कुणी विचारलंच नाही.

खिळे आले, मोठ्या तोफा आल्या, तोफांच्या धक्क्याला टिकेल अशी जहाजं आली. शिवणारे हात हळूहळू कमी होत केरळ-लक्षद्वीपकडच्या थोड्याशा गावांत उरले. 1980 साली ओमानमध्ये ‘सोहार’ नावाचं शिवलेलं जहाज बांधून चीनपर्यंत नेलं, तेव्हा त्यासाठी लाकूड आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून नेलं होतं. भडोचच्या सागाची तीच वाट.

लाकूड कुजतं. सुंभही कुजतो. आपल्याकडचं पाचव्या शतकातलं जहाज हात लावून बघायला उरलं नाही. उरली ती भिंत. डोंगरात, समुद्रापासून लांब, शेण, चिखल, भुसा यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन रंगवलेली. तिच्यावरही काय काय आलं. शतकानुशतकांची वटवाघळं, 1819 साली लेणी इंग्रजांच्या नजरेला पडल्यावर येऊन पापुद्रे खरवडून नेणारे हौशी लोक. मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं इथं राहून नकला काढल्या आणि त्यांतल्या बऱ्याच 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. निजामानं 1920च्या सुमाराला इटलीहून जाणकार बोलावून सुटणारा गिलावा पक्का करून घेतला. या राज्याला बंदर नव्हतं, पण हे जहाज त्यानं बुडू दिलं नाही, एवढं श्रेय मी मोकळ्या मनानं देतो.

आणि मग ते जहाज भिंतीवरून उतरलं. 2023 च्या जुलैत सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली एक जहाजबांधणी कंपनी यांच्यात करार झाला : अजिंठ्याच्या चित्रावरून पाचव्या शतकातलं जहाज बांधायचं. अर्थतज्ज्ञ आणि लेखक संजीव सन्याल यांची ही कल्पना. नकाशा नाही, मापं नाहीत, फक्त चित्र. मद्रासच्या आयआयटीनं प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. केरळचे मुख्य कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी फळ्या सुंभानं शिवल्या. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. नाव ‘कौंडिण्य’. एकोणीस-साडेएकोणीस मीटर लांब, इंजिन नाही, चौकोनी शिडं, आणि सुकाणूऐवजी मागं लांब वल्ही. ती वल्ही फोटोत बघितली तेव्हा मला दुसऱ्या लेण्यातला तो अंधार आठवला.

29 डिसेंबर 2025 ला कौंडिण्य पोरबंदरहून मस्कतला निघालं. म्हणजे ईशान्येचा वारा धरून, जुन्या वेळापत्रकानं. आमच्याकडे नुकतीच वेळ अमावस्या होऊन गेली होती. येळवशीला गाडीतून रानात जाताना शेजारच्या तात्यांच्या जुन्या गाडीचं एक चाक कुरकुरत होतं, धाव हलत होती. अण्णा आता चौऱ्याऐंशीचे. हातात वाकस धरवत नाही, पण कान शाबूत. लांबून आवाज ऐकून म्हणाले, “डावं चाक तहानलंय.”

संक्रांतीला मी पुन्हा गावी होतो. आई देवापुढं सुगडं मांडत होती. त्यात ओल्या हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची कांडकी. 14 जानेवारी, त्याच दिवशी बातमी आली की सतरा दिवसांनी जहाज मस्कतला पोचलं. मी मोबाइलवर चित्रफीत लावून अण्णांच्या हातात दिली. शिडावरचा सूर्य, नाळेवरचं सिंहासारखं तोंड, बंदरावरची गर्दी, यांतलं काही त्यांनी पाहिलं नाही. “थांबव,” म्हणाले. जहाजाची कड जवळून दिसत होती. फळीवरून फळीकडे गेलेला सुंभ, एकामागं एक टाका. त्यांनी बोट ठेवलं की चित्र सरकायचं, म्हणून बोट वरचेवर धरून ते मोजू लागले. मोजता मोजता ओठ हलत होते. आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

“खिळा न्हाई,” शेवटी ते म्हणाले. मोबाइल मला परत दिला. मग म्हणाले, “तात्याला म्हनावं, चाक आन इकडं.”

तेरणेला जानेवारीत डोह उरत नाही आता. आम्ही ते चाक विहिरीशेजारच्या हौदात उभं केलं, अर्धं बुडेल असं. आऱ्यांच्या कुसवांतून बुडबुडे यायला लागले. दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा भाग खाली फिरवला. अण्णा सकाळ-संध्याकाळ हौदाच्या कडेला बसून काठीनं धावेवर ठोकून बघायचे. पहिल्या दिवशी आवाज फुटका येत होता, लाकूड एकीकडे आणि लोखंड दुसरीकडे असल्यासारखा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ठोकलं आणि चाक एकसंध वाजलं.

“चल,” ते म्हणाले, “काढा बाहीर.”